काळ्यावर तांबडं

गॉसविन हा खोगिरं रंगवणाऱ्याचा मुलगा. अक्षरांच्या आधी तो ढाली वाचायला शिकला. बापाच्या दुकानात सरदार आपल्या घराण्याचं चिन्ह खोगिरावर काढून घ्यायला येत, आणि चिन्हात केसाएवढी चूक झाली तरी खोगीर परत येई. पुढे ब्राबांतमधल्या एका लहानशा जहागीरदाराकडे तो ढालवाचक म्हणून लागला, त्या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली होती. हातात पांढरी काठी, कमरेला हत्यार नाही. लढाईत त्याला कोणी मारत नसे, आणि त्यानेही कोणावर हात उचलायचा नसे. तो टेकडीवर उभा राहून बघे. सगळं संपलं की खाली उतरे आणि पडलेल्यांच्या ढाली बघून नावं लिहून घेई.

चालताना तो ढाली पुटपुटत असे. निळ्यावर तीन सोनेरी मासे, हिरव्यावर रुपेरी करकोचा. दारूच्या गुत्त्यात लोक त्याची थट्टा करत. एकदा एका गाडीवानाने पाठ फिरवून विचारलं, "मास्तर, माझ्या बुडावरच्या ठिगळाचं घराणं कुठलं हो?"

गॉसविनने ठिगळ नीट निरखून बघितलं. "तपकिरीवर हिरवं. रंगावर रंग चालत नाही. रंग बसतो तो सोन्यावर नाहीतर चांदीवर. तुझं ठिगळ कुठल्याच घराण्याचं नाही."

गुत्ता हसला. गॉसविन मात्र थट्टा करत नव्हता.

त्या उन्हाळ्यात नदीकाठी लढाई झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मठाच्या धान्याच्या कोठारात जखमी ओळीने निजवलेले होते, आणि त्यांची सेवा करायला ओडाबाई होत्या. साठीच्या, रुंद हाडाच्या, बेटांवरच्या. त्यांनीच गॉसविनला बोलावून घेतलं.

"तो कोपऱ्यातला बघा. गदेच्या घावाने जबडा गेलाय, बोलता येत नाही. लिहायला शिकलेला नाही. पण शुद्धीवर आहे. हात दाबून सांगतो, एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. मास्तर, ह्याचं घर शोधा. संध्याकाळच्या पुढे काही हा जात नाही. आपलं कोणी उशाशी असलं तर बरं."

माणूस पंचविशीचा असेल. हनुवटीपासून डोक्यापर्यंत पट्ट्या, मधे दोन करडे डोळे. गॉसविनने त्याची ढाल उचलून उजेडात, दारापाशी नेली. ढालीची जमीन काळी, त्यावर तांबड्या रंगात एक आडवी दांडी आणि तिला लोंबणारे दोन फुगीर आकार. असं चिन्ह त्याने कधी बघितलं नव्हतं. त्याने ढाल आडवी धरली, उलटी धरली.

"अक्षर असेल का एखादं?" तो म्हणाला.

ओडाबाई मागून आल्या. "अक्षर कसलं डोंबलाचं. पखाली आहेत त्या. दांडीला दोन पखाली. आमच्याकडे गोडं पाणी असंच खांद्यावरून आणतात. तुम्ही कधी पाणी वाहिलंत?"

"नाही."

"ते दिसतंच आहे."

गॉसविनला एकदम हलकं वाटलं. पखालजोडी. बघितली नव्हती, पण बापाच्या तोंडून ऐकली होती. "नदीपलीकडच्या रेमस्टेलवाल्यांची पखालजोडी आहे खरी," तो म्हणाला.

"मग झालं तर. होडीने तीन तास."

"नाही ओडाबाई. त्यांची जमीन रुपेरी. ही काळी आहे. जमीन बदलली की घराणं बदललं."

"विचारून तर बघा."

"माणूस मरायला टेकलाय, आणि त्याला दुसऱ्याच्या घराण्याचं नाव चिकटवू? शिवाय हे काळ्यावर तांबडं. रंगावर रंग. आपल्या मुलखात असं कोणी करत नाही. हा लांबचा आहे, कुठल्यातरी परक्या राजाचा."

ओडाबाई कापूस घेऊन जखमींकडे वळल्या. त्यांना ढालींतलं काय कळणार, असं त्यांना स्वतःलाच वाटलं असावं.

गॉसविन त्या माणसाशेजारी गवतावर बसला, त्याचा हात हातात घेतला आणि नावं घ्यायला लागला. हॉलस्टाइनची घराणी घेतली, पोमेरेनियाची घेतली, मग बोहेमिया, मग स्कॉटलंड. प्रत्येक नावाला हात दोनदा दाबला जाई. पहिला तासभर ते डोळे गॉसविनच्या ओठांकडे लागलेले होते. नंतर, भलत्याच माणसाशी चाललेलं बोलणं ऐकावं तसे ते दिसायला लागले. एकदा त्याने हात सोडवून घेतला आणि बोटाने दाराकडे, नदीकडे दाखवलं.

"पाणी मागतोय," गॉसविन म्हणाला.

ओडाबाईंनी पट्टीच्या फटीतून कापसाने थेंब सोडले. त्याने गॉसविनचा हात शोधून दोनदा दाबला. पुन्हा दोनदा. गॉसविनला वाटलं, पुरे झालं म्हणत असेल. त्याने पुढचं नाव घेतलं.

दुपारच्या प्रार्थनेची घंटा झाली. गॉसविनचा घसा बसला. आठवणीतल्या ढाली संपत आल्या तसा तो ऐकीव नावांवर आला, ज्यांच्या ढाली त्याने बघितल्या नव्हत्या अशांवर.

तिसऱ्या प्रहरी ओडाबाईंना शेजारच्या माणसाच्या मोडक्या पायाला खपाटी बांधायला वादी हवी होती. दुसरं काही हाताशी नव्हतं. त्यांनी ढालीच्या कडेची चामड्याची पट्टी खिळ्यांसकट उपसली आणि ढाल परत भिंतीला टेकवली.

चामड्याच्या पट्टीखाली बोटभर रुंदीची एक रेघ होती. पांढरी, चमकती.

गॉसविनने त्या रेघेवर अंगठा फिरवला. चांदीचा वर्ख. आता कोणी वर्ख लावत नाही, सफेद्यावर भागवतात. वर्ख आजोबांच्या काळातला. ही ढाल कोणा आजोबांची, वर्षानुवर्षं चुलीवरच्या भिंतीला धुरात टांगलेली. धुराने चांदी काळी पडते हे त्याला सातव्या वर्षापासून ठाऊक होतं. बापाने खोगिरावरची चांदी राखेने घासायला त्यालाच बसवलेलं होतं.

रंगावर रंग नव्हताच. सकाळीच कळायला हवं होतं, की नियम मोडलेला दिसतो तेव्हा आधी आपल्या डोळ्यांवर संशय घ्यायचा.

तो गुडघ्यांवर बसला. "रेमस्टेल?"

हात एकदाच दाबला गेला. बराच वेळ तसाच दाबलेला राहिला.

ओडाबाई उभ्या होत्या. हळू आवाजात म्हणाल्या, "सकाळी विचारलं असतं तर काय गेलं असतं, मास्तर?"

सकाळी होडी सोडली असती तर त्याची आई एव्हाना दारात असती. गॉसविनने दुसऱ्या हाताने लढायला आलेल्यांची यादी काढली. रेमस्टेलची बाई विधवा, तिला तीन मुलगे, तिघेही ह्या लढाईत उतरलेले. एवढं यादीत होतं. कोण कुठे पडला हे नव्हतं.

"गेरलाख?"

हात दाबला. मग, इतक्या हलकेच की वाटलं भास झाला, दुसऱ्यांदा दाबला.

"इव्हो?"

गॉसविन थांबला. बाहेर कोणीतरी बैल सोडत होतं. त्याने पकड थोडी घट्ट केली, आपल्याच बोटांमुळे कळत नसेल म्हणून सैल केली. ओडाबाई वाकल्या, पट्टीच्या फटीसमोर तळवा धरला आणि धरूनच राहिल्या.

"टिडेमान?" गॉसविन म्हणाला. यादीतलं नाव राहून जाऊ नये म्हणून असेल.

उन्हाळ्याचे दिवस होते, मठाने प्रेतं त्याच दिवशी पुरायची असं ठरवलेलं होतं. नावाडी लॅम्बिन काठावर होडी घेऊन तयार होता.

"कोणता गेला म्हणून सांगू?" त्याने विचारलं.

"गेरलाख नाही. इव्हो किंवा टिडेमान."

"असं सांगतात का आईला? हा नाहीतर तो?"

गॉसविनने ढाल त्याच्या हातात दिली. "ही दे. कोणत्या मुलाच्या हाती दिली होती ते तिला माहीत असेल."

लॅम्बिनने ढाल होडीत पालथी ठेवली. वल्हं उचलता उचलता म्हणाला, "आणि वाटेत भावाभावांनी ढाली बदलल्या असल्या तर?"

गॉसविनने होडीचा दोर सोडून आत टाकला. लॅम्बिन काठाला वल्हं रेटून निघाला.