वीरभद्रअप्पांच्या पेन्सिली

नवी पेन्सिल हातात आली की वीरभद्रअप्पा ती आधी कागदावर नाही, डाव्या तर्जनीच्या नखावर ओढून बघायचे. शिसं नखाला धरलं तर मऊ, घसरलं तर कडक. चाळीस वर्षांत ते नख इतकं काळं झालं, की एकदा मतदान केंद्रावरच्या बाईंनी त्यांना परत पाठवायला काढलं. म्हणे, तुमचं झालंय, शाई दिसतेय. अप्पांनी तिथंच बाईंचं चित्र काढून दाखवलं, तेव्हा कुठं त्यांना आत सोडलं. चित्रात बाईंना हनुवटी एकच ठेवली होती. त्याचा किती उपयोग झाला, ते मी सांगत नाही.

लातूरला गंजगोलाईच्या मागं आमची घरं भिंतीला भिंत लावून. मी एसटीत कंडक्टर, लातूर-नांदेड गाडीवर. अप्पांचा धंदा गेलेल्या माणसांची चित्रं काढण्याचा. लोक फाटका, तिकिटाएवढा फोटो घेऊन यायचे आणि अप्पा त्याचं हातभर पेन्सिलचित्र करून द्यायचे. पण माणूस जसा होता तसा त्यांनी कधी काढला नाही. "जिता होता तवा आरशानं लई छळलं त्याला. आता तरी बरं दिसू द्या," असं म्हणत ते टक्कल झाकायचे, मिशीला पीळ द्यायचे. औशाच्या एका म्हातारीनं नवऱ्याचं चित्र पाहून पदर डोक्यावर घेतला आणि हळूच विचारलं, हे पाव्हणे कुणाकडचे? दुसऱ्या एका घरी तर चित्र भिंतीवर लागलं आणि आठवड्याभरात त्या गेलेल्या माणसाला स्थळ सांगून आलं. हे मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. पण लातुरात खोटं कोण बोलतं!

मग दोन वर्षांमागं अप्पांना लकवा मारला. बोलणं शाबूत राहिलं, ते नेणं कुठल्याच आजाराला जमलं नसतं. उजवा हात मात्र गेला. डॉक्टर म्हणाले, हलता ठेवा, येईलही, नाहीही येणार. काही महिन्यांनी बोटं वळायला लागली, पेन्सिल धरता यायला लागली, पण दाब येईना. नेहमीची एचबी कागदावरून माशी चालावी तशी जायची, मागं खूणच नाही. अप्पा गप्प झाले. अप्पा गप्प म्हटल्यावर त्या शांततेनं आमच्या गल्लीची झोप उडाली.

एका संध्याकाळी मला म्हणाले, "कंडक्टर, पाय गेला असता तर मी हुं का चूं केलं नसतं. हात न्हाई, तर मग मी कोण हाय?"

मी त्यांची एचबी उचलून माझ्या नखावर ओढून बघितली. घसरली.

दुसऱ्या दिवशी नांदेडला गाडी लागली तसा मी चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात गेलो. म्हटलं, मुंगी मारायचा जोर नसलेल्या हातानं ओढली तरी उमटेल अशी पेन्सिल दे. दुकानदारानं एक लांबट डबाच पुढं केला. एट बी सगळ्यात मऊ, मग सिक्स, फोर, टू, असं करत कडक होत एचबीपर्यंत. येताना तो डबा मी सीटवर ठेवला आणि अहमदपूरपर्यंत तिथं कुणाला बसू दिलं नाही.

महादेवीकाकू, म्हणजे अप्पांची बायको, निलंग्याकडच्या शेतकऱ्याची लेक. डबा उघडताच त्यांनी विचारलं, "एट बी, सिक्स बी... कशाचं बी हाय हे? तुरीचं?"

अप्पांनी एट बी ओढली. काळी, जाड, नागमोडी रेघ उमटली.

काकू वाकून म्हणाल्या, "उगवलं की वो."

अप्पा बराच वेळ त्या रेघेवर नुसती फुंकर घालत बसले.

तिथून पेरणी सुरू झाली. एट बीनं काढलेली माणसं कोळशाच्या वखारीतून आल्यासारखी दिसायची, पण हातात जोर येत गेला तशी अप्पा एकेक पेन्सिल कडक घेत गेले. काकू दारातून गल्लीला वर्दी द्यायच्या, सिक्स बी उगवलं, फोर बी उगवलं. ते ऐकून त्यांच्या माहेरचा एक पाहुणा रिकामी पिशवी घेऊन आला, हे बी कोरडवाहूत चालेल का विचारायला. टू बी मात्र महिनाभर हटून बसली. अप्पा दिवसातून दहादा ओढून बघायचे आणि चिडायचे. काकू म्हणाल्या, "सारखं उकरून बघत राहिलं तर येईल का ते?" ती आली, श्रावणात.

परवा अप्पांनी एचबी घेतली. काकूंनी गॅस बंद केला, मी ड्यूटीचा शर्ट अर्धा घातलेला तसाच थांबलो. रेघ ओढली. काही दिसेना. मी कागद खिडकीशी नेऊन तिरपा धरला, आणि होती! केसासारखी बारीक, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत. काकूंनी पदर डोळ्याला लावला.

अप्पांनी कागद मागून घेतला, डोळे बारीक करून पाहिला आणि म्हणाले, "रबर द्या."

काकूंना कळेना. दोन वर्षं ज्या रेघेची वाट पाहिली ती खोडणार?

"वाकडी आली हाय," अप्पा म्हणाले.

आणि खोडली. दुसरी ओढली, तीही खोडली. तिसऱ्या रेघेला मला शिव्या बसल्या, कंडक्टर, उजेडात का हुबा राहिला, सरक. काकूंनी गॅस पुन्हा पेटवला. अप्पांनी खोडणं थांबवलं तोवर माझी गाडी सुटून गेली होती, आणि कागदावर माझ्याकडं बघत काढलेलं एक नाक आलं होतं. सरळ, तरतरीत. माझं नव्हतं, एवढं नक्की.