गासच्या उघाडीचं दार

गासच्या खाडीवरची उघाडी धर्मा राखायचा. उघाडी म्हणजे बांधातलं दार. ओहोटीला फळ्या काढायच्या, भरतीआधी लावायच्या, म्हणजे खारं पाणी भातशेतात शिरत नाही. पगार नाही की हुकूम नाही. बाप गंगाराम राखायचा म्हणून हाही राखायचा. मरताना म्हाताऱ्याने एवढंच सांगितलं होतं, "दार लावाला इसरू नको."

पुढे ती सगळी जमीन विशेष आर्थिक क्षेत्रात गेली. यायचे होते कारखाने, आलं नुसतं कुंपण आणि 'विनापरवाना प्रवेश बंद'ची पाटी. कुंपण घातलं त्या दिवशी फळ्या काढून धर्माच्या पडवीत ठेवलेल्या होत्या, दार उघडंच राहिलं. धर्मा पडला सरळ माणूस. कुंपणावरून उडी मारायची सोडून तो परवानगी मागत फिरला, आणि इथेच फसला. झोनचं ऑफिस म्हणालं, बांध खारभूमी खात्याचा. खातं म्हणालं, आता ते प्राधिकरणाकडे. प्राधिकरणाने त्याला परत झोनकडे धाडलं. बारभाईची शेती, काय लागे हाती, म्हणतात ते उगाच नाही. चार वर्षांत खाऱ्या पाण्याने भाताच्या जागी तिवरं उगवली.

मग हाका सुरू झाल्या. दर अमावास्येला, भर दुपारी बाराच्या भरतीला, खाडीकडून बापाचा आवाज यायचा, "धर्मा, पानी आयलं. दार लाव." धर्माच्या हातातला घास तसाच राहायचा. बायको नर्मदा हसायची, तिला काहीच ऐकू यायचं नाही. "माणिकपूरच्या डॉक्टरला कान दाखवा," म्हणायची.

शेवटी एका अमावास्येला त्याने फळ्या खांद्यावर घेतल्या, कुंपण ओलांडलं आणि दार लावलं. हाक थांबली. हाका सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच अमावास्येला तो पोटभर जेवला.

आठ दिवसांत तीन नोटिसा आल्या. तिन्ही ऑफिसांचं म्हणणं एकच: दार आमच्या हद्दीतलं, विनापरवाना बंद केलंत. इतकी वर्षं बेवारस पडलेल्या दाराला एकदम तीन मालक फुटले. माणसं आली, फळ्या टेम्पोत घालून घेऊन गेली. पुन्हा आत पाय टाकलास तर गुन्हा दाखल करू, असं बजावून गेली.

पुढच्या अमावास्येला धर्मा घराच्या दाराला कडी लावून आतच बसला. बारा वाजले. तो कानांवर हात दाबून बसला होता.

नर्मदा समोर जवळा निवडत होती. तिचा हात थांबला. ती खाडीच्या दिशेला बघत राहिली. मग उठून तिने कडी काढली.

"जा ना आता," ती म्हणाली. "बाबा किती वेळ हाका मारतान."