मोनिकाच्या नावाचं खातं

मनोरीच्या मोनिकाचं कॉलेज १९८३च्या जूनमध्ये सुरू झालं, तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या आणि घरात पैसा नव्हता. डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकणाऱ्या तिच्या आईच्या, बर्थाच्या शब्दावर बोरिवलीच्या दुकानदार दामजीभाईंनी पुस्तकं उधार दिली.

"ते शाईपेनही घे ना," मैत्रीण कमळ म्हणाली. "पैसे कुठे आज द्यायचेत?"

"पेन माझ्या खिशाला गं, पण पाटी आईच्या डोक्यावर," मोनिका म्हणाली आणि पुस्तकंच घेऊन निघाली.

होड्या पुन्हा समुद्रात गेल्या. सप्टेंबरात मोनिकाने स्वतः दुकानात जाऊन सगळी उधारी फेडली.

पुढच्या जूनमध्ये दामजीभाईंनी दुसऱ्या वर्षाची पुस्तकं आधीच बांधून ठेवली होती.

"आईला घेऊन येऊ?" तिने विचारलं.

"कशाला? या वेळी खातं तुझ्याच नावावर लिहिलंय."