तिसऱ्या हाकेपर्यंत

आमचे दाजी जोतीराम पहिल्या हाकेला कधीच ओ देत नसत. त्यांच्या आईनं लहानपणीच बजावलं होतं, भूत एकदाच हाक मारतं, माणूस तीनदा. तिसरीशिवाय तोंड उघडायचं नाही. पलटणीतून पेन्शनीत आले तरी सवय गेली नाही. माझी बहीण साळूअक्का ताट वाढून तीनदा ओरडायची. दाजींना बोलवायचं तर शेजारणीचा घसा उसना आणावा, अशी मी चेष्टा करायचो.

गेल्या उन्हाळ्यात चेष्टा संपली. भर दुपारी दाजी ओट्यावरून उठले, मान कलती करून काही ऐकलं आणि मळ्यातल्या विहिरीकडं चालू लागले. अगदी काठावर मी त्यांचा दंड धरला. अर्जुनानं हाक मारली, असं ते शांतपणे म्हणाले. अर्जुना त्यांचा पलटणीतला जोडीदार, शेजारच्या गावचा. त्याला जाऊन कैक वर्षं झाली होती. खरं सांगतो, त्या काठावर मीही कान दिला. खाली पाणी गप्प होतं. मी दाजींना ओढतच घरी आणलं.

मग रोज दुपारी तेच. अक्का दाराला कडी लावून उंबऱ्यात आडवी पडू लागली. डोळा लागला तर माणूस जाईल, या भीतीनं ती वाळत चालली.

दाजींना सांगलीत मोठी पाटी लावून बसलेल्या एकाकडं नेलं. संमोहनानं तीन बैठकांत हाक बंद करतो म्हणाला. कुठं शिकलात विचारलं तर खवळला. बैल घेतानाही आम्ही दात बघतो, इथं तर माणूस द्यायचा होता. मी उठलोच.

शेवटी सरकारी दवाखान्यातल्या मनोविकाराच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि साताऱ्याच्या मयूरी मॅडमचं नाव दिलं. मॅडमनी पदवी आणि नोंदणी न विचारता दाखवली. मनोविश्लेषण कुठं शिकल्या तेही सांगितलं, आणि अजूनही आपलं काम थोरल्या तज्ज्ञांपुढं मांडतात हेही. बरं करण्याचं वचन मात्र दिलं नाही. दर मंगळवारी ठरल्या वेळी यायचं, मनात येईल ते बोलायचं, वेळ लागेल, एवढंच. नुसत्या बोलण्यानं काय होणार, असं मला वाटलं.

बरेच महिने गेले. एका मंगळवारी दाजी भिंत धरून बाहेर आले. एसटीत बसल्यावर त्यांनी मॅडमचं बोलणं सांगितलं: "दर वेळी मी दारातून तीनदा हाक मारते, तेव्हा तुम्ही उठता. पहिल्या दोन हाका तुम्हाला कुणाच्या वाटतात?"

त्यावर तिथं त्यांच्या तोंडून जे निघालं, ते अक्कालाही ठाऊक नव्हतं.

"पलटणीत पहाऱ्यावर हुतो, धुकं लय हुतं," दाजी मला म्हणाले. "कड्याखालनं अर्जुनानं येकदा हाक मारली. म्या तिसरीची वाट बघत बसलो."

खिडकीकडं तोंड करून ते रडले. मीही रडलो.

हाक अजून येते. गोळ्या आणि मंगळवार चालू आहेत. पण आता दाजी ओट्यावर बसूनच सांगतात, "ओ, अर्जुना. ऐकलं गड्या." विहिरीकडं जात नाहीत.

परवा अक्कानं चुलीपासून त्यांना जेवायला हाक मारली. एकच झाली, तोच बाहेरून ओ आली. अक्काची भाकरी तव्यावर तशीच करपू लागली. एवढ्या संसारात तिच्या पहिल्या हाकेला कधी कुणी उत्तर दिलं नव्हतं.

ती माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "भाईर कोन हाय, बघ जरा."