पिंपरीच्या दुकानातला चष्मा

मी चिंचवडच्या शाळेत शास्त्र शिकवायचो. अंगात येणं, दृष्ट लागणं असले विषय कुणी काढले की मी वाद घालायचो, नाहीतर सरळ उठून जायचो. तरीही हे लिहितोय... कारण घडलं तेव्हा मी स्वतः तिथे हजर होतो.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. आम्ही चिखलीला राहायचो. आईची नजर सहा वर्षांत हळूहळू गेली होती. उजेड-अंधार कळायचा, बस्स. माझी मुलगी दोन वर्षांची झाली तरी आजीनं तिचा चेहरा पाहिला नव्हता, हातानं चाचपूनच ती नातीला ओळखायची. त्या दिवशी पुण्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनीही सांगून टाकलं, "आतला पडदाच गेलाय. चष्म्यानं काही होणार नाही."

येताना आम्ही पिंपरी स्टेशनवर गाडीतून उतरलो.

स्टेशनजवळ सिंधमधून आलेल्या एका निर्वासिताचं जुन्या वस्तूंचं दुकान होतं. लष्कराची होकायंत्रं, ग्रामोफोनचे कर्णे, पेंढा भरलेलं घुबड, दाताच्या डॉक्टरची खुर्ची — काय नव्हतं तिथे! शाळेसाठी पृथ्वीचा गोल मिळतो का ते बघायला मी आत शिरलो. आईला त्या खुर्चीत बसवलं.

तेवढ्यात तिचा आवाज आला, "ह्ये काय हाय रं? चष्मं हायती जणू."

हाताशी लागलेला पत्र्याचा डबा ती चाचपत होती.

"लगाके देखो, माई," दुकानदार म्हणाला.

मला वाटलं, आता कशाला हा खेळ? पहिला चष्मा लावला, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसरा गोल काचांचा, तारेच्या काड्यांचा. तो आईनं नाकावर नीट बसवला. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाली,

"आरं... तुज्या मिशीत पांढरं क्यास आलं की!"

मी हसलो की रडलो, आठवत नाही. दुकानदारानं घाईघाईनं विचारलं, "माई, मेरा कोट कौनसे रंग का?"

"कोट कुठाय? बंडी हाय तुज्या अंगात. आन् वरचं बटन तुटलंय!"

चष्मा विकत घेतला, आणि पिंपरीहून चिखलीपर्यंत आई माझा हात न धरता पुढे चालली. घरी नातीला समोर धरून कितीतरी वेळ बघत बसली, आणि संध्याकाळपर्यंत "माज्याच नाकावर गेलीया" म्हणून अख्ख्या आळीत सांगून आली.

आठवड्यानं आम्ही पुन्हा त्याच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी चष्मा तपासला, पुन्हा तपासला.

"मास्तर, ही साधी काच आहे. नंबर शून्य."

चष्मा काढला, तर आईला त्यांची बोटं मोजता येईनात. घातला, तर तिनं सुईत दोरा ओवून दाखवला! डॉक्टरांनी दुसऱ्या साध्या काचा लावून पाहिल्या — काही नाही. शेवटी ते टेकीला आले.

"आजी, हे होतंय तरी कसं?"

"मला काय इचारता? डाक्टर तुमी का मी?"

त्यानंतर आई बरीच वर्षं जगली. तोच चष्मा लावून तिनं कितीतरी गोधड्या शिवल्या. मी, माझी बायको, शेजारीपाजारी — सगळ्यांनी तो लावून पाहिला, कुणालाच काही वेगळं दिसलं नाही. मी पुस्तकं पालथी घातली, जाणकारांना विचारलं. हे कसं झालं ते मी आजही शोधतोय.

आईला त्याची फिकीर नव्हती. "दिसतंय न्हवं? मग झालं," म्हणायची... आणि पुढचा टाका घालायची.