चिलखताच्या आतलं

आठवड्यातले पाच दिवस कॉम्प्युटरसमोर बसणारा माझा नवरा रविवारी रोमन सैनिक होतो. स्टुटगार्टजवळ रोमन सैन्याची नक्कल करणाऱ्या हौशी मंडळींच्या फेराइनमध्ये, म्हणजे क्लबात, त्याने नाव घातलं, तेव्हा मला वाटलं, चला, जर्मन तरी सुधारेल. जर्मन आहे तिथेच राहिलं. घरात लोखंडी चिलखत आलं.

चिलखताखाली जाडजूड शिवलेलं जाकीट लागतं, नाहीतर खांदे सोलून निघतात. सासूबाई तेव्हा पुण्याहून आमच्याकडे आल्या होत्या. त्यांनी जुन्या सुती साड्या एकावर एक घालून गोधडीच्या टाक्यांनी फर्मास जाकीट शिवलं. वार्षिक संचलनात उतरायचं तर अंगावरचं सगळं मंजूर व्हावं लागतं, म्हणून ते फेराइनच्या तपासणी समितीपुढे गेलं. आता, असं मूळ रोमन जाकीट आजवर कुणाला सापडलेलं नाही, हे समितीच मोठ्या अभिमानाने सांगते. तरीही तिने चष्मे काढून, घालून निकाल दिला, सुती कापड नामंजूर! लोकर आणि लिननच हवं. हे सांगणारे गृहस्थ स्वतः जीन्समध्ये होते.

"जाऊ दे, पुढच्या वर्षी," नवरा म्हणाला, पण तोंड एवढंसं झालं होतं. संचलनानंतर लगेच सासूबाईंचं परतीचं विमान होतं, आणि एवढा प्रवास आता पुन्हा झेपायचा नाही, असं त्या आल्या दिवसापासून म्हणत होत्या. आईने एकदा तरी आपल्याला संचलनात बघावं, असं पन्नाशीला टेकलेल्या या माणसाला वाटत होतं. मला आधी हसू आलं, मग आलं नाही.

सासूबाईंनी माझे लिननचे पडदे उतरवले. मला विचारलं होतं म्हणे. मी ऑफिसच्या कॉलवर होते आणि मान हलवली. त्यांचं नवं जाकीट शिवलं आणि माझ्यासाठी आणलेली घोंगडी कापून आत भरली. मधे साडीचा एक थर ठेवलाच.

"अहो आई, समितीला कळलं तर?"

"उसवून बघणारेत का?"

समितीने बाहेरून चाचपलं आणि खूश होऊन म्हणाली, "गेनाऊ!" म्हणजे, अगदी बरोबर!

संचलनात लॅटिन सोडून एक शब्द बोलायचा नाही, असा कडक नियम. रणरणत्या उन्हात पलटण आमच्यासमोर आली. नवरा नाक वर करून, ओळखही न दाखवता चालला होता. सासूबाई दोरीवरून वाकून ओरडल्या, "अरे, आतलं घातलंयस ना?"

अख्ख्या रोमन साम्राज्यासमोर तो थबकला. मागचा सैनिक त्याच्यावर आदळला.

"हो गं आई, घातलंय!"