छत्रीचं टोक

दौलताबादच्या रानात माझा एक बांधशेजारी आहे. भर उन्हातही तो छत्री उघडत नाही, जागोजागी मातीत खुपसून बघतो. त्याच्या रानात ती वीतभर आत गेली की माझ्या पोटात दुखतं.

वेचणी संपून मी कपाशीच्या पऱ्हाट्या, म्हणजे उरलेल्या वाळक्या काड्या, पेटवायला निघालो की तो हजर. "जाळू नका भाऊ, मला द्या." मी हसून द्यायचो. तो त्या बारीक करून शेणात कुजवायचा, रानात पसरायचा. यंदा त्याची कपाशी छातीला लागली, माझी गुडघ्याला.

काल त्यानं माझ्या रानात छत्री खुपसली. टोक वाकलं. ते सरळ करत हळूच म्हणाला, "औंदा पऱ्हाट्या नगं मला. तुमच्याच रानाला लई गरज हाय."

त्यापेक्षा शिवी हासडली असती तर बरं झालं असतं.